मांडलेले पान

नव्या सदनिकांच्या भिंतींवर काय टांगले जाते याचा कोणी नीट अभ्यास केला, तर तो साहित्याच्या अभ्यासकालाही उपयोगी पडेल असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. भिंतीवर देव असत, घरातली गेलेली माणसे असत, लग्नातला एखादा फोटो असे आणि पतपेढीने किंवा किराणा दुकानाने दिलेले कॅलेंडर असे. चित्र निवडावे लागत नसे, ते आपणहून घरात येई. आता ते निवडावे लागते. फ्रेमवाल्याच्या दुकानात सात धावते घोडे असतात, डोळे मिटलेला बुद्ध असतो, धबधबा असतो. आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी आणखी एक प्रकार येऊन बसला आहे. खेड्यातल्या घराच्या आतले निर्मनुष्य दृश्य. ओटीवरचा झोपाळा, कोनाड्यातली समई, खुंटीला कंदील, जमिनीवर उन्हाचा पट्टा. सगळे हुबेहूब, लाकडाच्या रेषा मोजून घ्याव्यात इतके हुबेहूब. फक्त माणूस नाही.

माणूस का नाही, याचे व्यापारी उत्तर सोपे आहे. अनोळखी माणसाचे चित्र आपण घरात लावत नाही. लावलेच, तर पहिला पाहुणा विचारतो, "हे कोण?" आणि यजमानाला उत्तर देता येत नाही. खोली रिकामी असली की हा प्रश्न उपस्थित होत नाही. रिकाम्या झोपाळ्यावर ज्याला हवे त्याने आपापल्या आजोबांना बसवावे. आपल्याकडच्या ललित लेखांतले अंगण आणि तुळशीवृंदावन साधारण ह्याच तत्त्वावर चालते. (दरवर्षी वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांचे असे पंधरा-वीस लेख माझ्याकडे येतात. गाव बदलते, वृंदावन तेच असते.) स्मरणरंजनाला जागा रिकामी लागते, माणूस आडवा आला तर अडचण होते.

आमच्या जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवरही असेच एक रिकाम्या खोलीचे चित्र आहे. ते मात्र त्या दुकानातले नाही, आणि त्याच्याविषयीच लिहायचे आहे.

माझा धाकटा दीर पेनसिल्व्हेनियात वेस्ट चेस्टर ह्या गावी राहतो. २०१९ साली आम्ही नव्या घरात आलो तेव्हा त्याने फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयातून अँड्र्यू वायेथच्या 'ग्राउंडहॉग डे' ह्या चित्राची छापील प्रत आणली. इथे आल्यावर तिला साधी सागवानी चौकट केली. वायेथ त्याच्यासाठी जवळजवळ गावचाच माणूस. चॅड्स फोर्ड हे चित्रकाराचे खेडे त्याच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत आहे. वायेथ तिथे १९१७ साली जन्मला आणि २००९ साली तिथेच वारला. मधल्या ९१ वर्षांत त्याने चित्रे काढली ती मुख्यतः दोनच जागांची : हे पेनसिल्व्हेनियातले खोरे आणि उन्हाळ्यात मेन राज्याचा समुद्रकिनारा. त्यातही घरे दोन. मेनमध्ये ऑल्सन भावंडांचे आणि चॅड्स फोर्डला कर्नर कुटुंबाचे. एवढ्या लहान मुलखात एवढे दीर्घ आयुष्य काढणारा चित्रकार आधुनिक काळात विरळाच.

'ग्राउंडहॉग डे' हे कर्नरांच्या शेतघरातल्या स्वयंपाकघराचे चित्र आहे. साल १९५९. मूळ चित्र जवळजवळ चौरस, बाजू सुमारे ८० सेंटिमीटर. पांढरे कापड घातलेल्या टेबलाचा एक कोपरा, त्यावर पांढरी बशी, कपबशी आणि एक सुरी. एका माणसाचे पान मांडलेले आहे. मागे फुलाफुलांच्या नक्षीच्या कागदाची भिंत आणि तिच्यावर खिडकीतून आलेल्या उन्हाचा तिरका चौकोन. खिडकीबाहेर निष्पर्ण हिवाळा, आणि खिडकीच्या अगदी जवळ कापून टाकलेला एक ओंडका. त्याचे टोक करवतीने सरळ कापलेले नाही. ते तुटलेले, दातेरी आहे. एवढेच.

एवढेच, पण हे पाहायला वेळ लागतो. चित्र टेंपेरात आहे, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत. हे रंग चटकन सुकतात, त्यामुळे तैलरंगासारखे एकमेकांत मिसळता येत नाहीत. बारीक कुंचल्याने रेघेवर रेघ ओढत, थरावर थर देत जावे लागते. एका चित्राला महिने लागतात. वायेथच्या भिंतीवरचे ऊन हे म्हणूनच झटक्यात पडलेले ऊन नाही. कित्येक दिवस बसून विणलेले ते ऊन आहे, आणि छापील प्रतीतही हे थोडेफार जाणवते. मूळ चित्र मी पाहिलेले नाही. माझा वायेथ हा सगळा छापील वायेथ आहे.

छापील असणे हे वायेथच्या वाट्याला जरा जास्तच आले. त्याचे 'क्रिस्टिनाज वर्ल्ड' हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १,८०० डॉलरला घेतले आणि पुढे त्याच्या प्रती अमेरिकेतल्या वसतिगृहांच्या खोल्यांपासून दंतवैद्यांच्या प्रतीक्षागृहांपर्यंत पोचल्या. न्यूयॉर्कमध्ये अमूर्त चित्रकलेचा जोर होता, त्या दिवसांत हा माणूस गवताची पाती मोजत बसला होता. समीक्षकांनी त्याला भावविवश ठरवले, चित्रकार न म्हणता कथाचित्रकार म्हटले. (त्याचे वडील एन. सी. वायेथ हे खरोखरच नामांकित कथाचित्रकार होते, त्यामुळे ही शिवी त्याला आयतीच चिकटली.) लोकांनी घरात लावले म्हणजे चित्र उथळ, हा न्याय मला कधी पटला नाही. उद्या कोणी अभंग लग्नाच्या पत्रिकेवर छापतो म्हणून अभंग हलका ठरत नाही. पण भिंतीवर गेल्यावर चित्राचे काहीतरी होते, हेही खरे. आपण ते पाहायचे थांबतो. तीनेक वर्षे 'ग्राउंडहॉग डे' आमच्याकडे असेच होते. पाहुणे "किती शांत वाटतं!" म्हणायचे आणि आम्ही होकार द्यायचो.

२०२२ च्या पावसाळ्याअखेरीस सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. सासरे २०१६ साली गेले. त्यानंतर सहा वर्षे संगमेश्वर तालुक्यातल्या घरात त्या एकट्या राहिल्या. न्हाणीघरात पाय घसरला, मनगट मोडले, आणि मग ज्याची सगळे वाट पाहत होते आणि टाळतही होते, तो निर्णय एका आठवड्यात झाला. घराला कुलूप लागले. जेवणाच्या टेबलाशी त्यांची जागा ठरली ती नेमकी चित्राच्या समोरची, कारण ती खुर्ची स्वयंपाकघरापासून जवळ आहे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, "हे पान कुणासाठी मांडलंय?"

मी म्हटले, "घरातल्या मालकासाठी असेल. शेतावरून यायचा असेल."

"मग येत का नाही? आणि नुसत्या सुरीनं काय खाणार?"

सुरीचा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. बशीजवळ काटा नाही, चमचा नाही, फक्त सुरी आहे. तीनेक वर्षे मी त्या टेबलासमोर जेवत होते. त्यांनी पुढचे विचारले : "हे ऊन किती वाजताचं गं?" मला सांगता आले नाही. त्यांनीच थोड्या वेळाने सांगितले, की ऊन इतके आत आणि इतके तिरके आहे त्या अर्थी दिवस थंडीचे असणार, आणि बाहेर एवढे लाकूड पडले आहे तेही थंडीचेच लक्षण.

बरोबर होते. चित्राच्या नावातच ते आहे. २ फेब्रुवारी हा पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्तीने रुजवलेला एक लोकदिन. ग्राउंडहॉग म्हणजे खारीच्या कुळातला, बिळात झोपून हिवाळा काढणारा एक गुबगुबीत प्राणी. त्या दिवशी तो बिळाबाहेर येतो अशी समजूत आहे. आभाळ असले तर वसंत जवळ आला. ऊन असले आणि त्याला आपली सावली दिसली, तर तो परत बिळात जातो आणि हिवाळा आणखी सहा आठवडे मुक्काम करतो. पंक्सटॉनी गावात १८८७ पासून हा सोहळा साजरा होतो. तेव्हा ज्या उन्हाकडे पाहून आमचे पाहुणे प्रसन्न होत, ते ऊन चित्राच्या हिशेबाने शुभवर्तमान नाहीच. त्या दिवशी ऊन पडले, म्हणजे थंडी सरत नाही. सजावट म्हणून पाहणाऱ्याला ऊन म्हणजे ऊब. त्या घरातल्या माणसांना त्याच उन्हात आणखी सहा आठवड्यांचा सरपणाचा हिशेब दिसत असणार. सासूबाईंना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. होळीचा धूर कोणत्या दिशेला गेला यावरून पावसाचे ठोकताळे बांधणाऱ्या गावातून त्या आल्या आहेत.

त्या निमित्ताने मी वायेथविषयी पुन्हा वाचू लागले. पूर्वी वाचले होते ते 'वास्तववाद' शिकवताना तुलनेला उपयोगी पडेल म्हणून. ह्या वेळी वाचले ते जेवताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे द्यायची म्हणून. हे वाचन अधिक शिस्तीचे झाले.

कार्ल कर्नर हा जर्मनीहून आलेला. पहिल्या महायुद्धात तो जर्मन सैन्यात मशिनगन चालवत असे. वायेथ पोरवयापासून त्याच्या शेतावर जाई. १९४५ च्या ऑक्टोबरात कर्नरांच्या शेताजवळच्या रेल्वे फाटकावर एन. सी. वायेथ यांची मोटार रुळांवर थांबली आणि गाडीने धडक दिली. ते आणि त्यांच्यासोबतचा लहानगा नातू, दोघेही गेले. त्यानंतर ती टेकडी, ते शेत आणि तो कठोर जर्मन शेतकरी वायेथच्या चित्रांत वारंवार येऊ लागले. कार्लचे १९४८ चे व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे : डोक्यावर छत, आणि छतात मांस टांगायचे लोखंडी आकडे. आपल्याकडच्या कोणत्याही समीक्षकाला हे चित्र भावविवश म्हणता येणार नाही.

कार्लची बायको अ‍ॅना. तिला इंग्रजी फारसे येत नसे. ती घरात सतत काही ना काही करत असे. धूत, पुसत, झाडत, सरपण आणत, आणि स्वतःशीच जर्मनमध्ये पुटपुटत. परदेशाने आणि एकटेपणाने तिच्या मनावर परिणाम केला होता. 'ग्राउंडहॉग डे'ची पूर्वरेखाटने पुस्तकांतून छापलेली आहेत. सुरुवातीच्या रेखाटनांत ह्या खोलीत अ‍ॅना आहे. खिडकीखाली नेली नावाची कर्नरांची कुत्रीही झोपलेली आहे. पुढच्या पुढच्या रेखाटनांत दोघी नाहीशा झाल्या. राहिले टेबल, पान, भिंत आणि ऊन. कुत्री अगदीच गेली नाही म्हणतात. बाहेरच्या ओंडक्याच्या तुटक्या टोकात तिचे दात उरले. एकदा हे कळले, की तो ओंडका पुन्हा नुसता ओंडका दिसत नाही.

मग अ‍ॅना कुठे उरली? मला वाटते ती उरली आहे टेबलाच्या कापडात आणि बशीच्या स्वच्छतेत. हे पान कोणीतरी मांडले आहे. आपण सगळे विचारतो ते जेवणारा कुठे आहे असे. मांडणारी कुठे आहे हे विचारायचे मनातही येत नाही, कारण मांडणारी नेहमी चित्राबाहेरच असते, स्वयंपाकघराच्या चित्रातसुद्धा. वायेथने तिला काढून टाकले तेव्हा चित्रात तिची जागा घटली की वाढली, ह्यावर मला अजून ठाम मत देता येत नाही. चित्रकाराच्या बाजूने बोलायचे तर तिला बसवले असते तर ते अ‍ॅनाचे चित्र झाले असते, आणि आपण तिचा चेहरा वाचत बसलो असतो. आता आपण तिचे काम वाचतो. अ‍ॅनाच्या बाजूने काय बोलायचे, ते कोणी नोंदवलेले नाही.

माणूस काढून खोली ठेवणे ही वायेथची जुनी वाट होती. १९४७ चे 'विंड फ्रॉम द सी' हे ऑल्सनांच्या माडीवरच्या वापरात नसलेल्या खोलीच्या खिडकीचे चित्र. फाटका जाळीदार पडदा वाऱ्याने आत आला आहे, बस्स. त्यानंतरच्या साठ वर्षांत त्याने तीनशेहून अधिक चित्रे आणि रेखाटने खिडक्यांची केली. २०१४ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाने त्यांतल्या निर्मनुष्य चित्रांचेच स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. पण बाजारातल्या रिकाम्या ओटीत आणि ह्या खिडक्यांत मोठा फरक आहे. ओटीच्या चित्रात कोणी नाही, कारण तिथे कोणी कधी नव्हतेच. वायेथच्या खोलीत जे नाही त्याला नाव आहे, गाव आहे, त्याचे चालणेबोलणे चित्रकाराला पाठ आहे. त्याने आधी माणूस काढला, म्हणजे रेखाटला, आणि मग काढला, म्हणजे पुसला. मराठीत दोन्हींना एकच क्रियापद आहे हे बरे झाले.

भाषेवरून आठवले. सासूबाईंना हे चित्र भिंतीवर असणे पसंत नव्हते आणि त्यांनी ते तसे सांगितलेही : "चित्र चांगलं आहे, पण भकास आहे. मांडलेलं पान असं ठेवू नये." हा शब्द मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. भकास आणि रिकामे ह्यांत अंतर आहे. रिकामे भांडे असते. भकास घर असते. जिथे कोणी असायला हवे होते तिथेच भकास वाटते. आणि आपल्या भाषेला मुळातच रिकामपणाचे भय आहे. रिकामा पाळणा हलवू नये. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे. डब्यातले तांदूळ संपले असे जुन्या बायका म्हणत नाहीत, ते 'वाढले' म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळही वाढवतात. आणि हेच क्रियापद पानात अन्न घालण्याचे! वाढणे म्हणजे मोठे होणे, वाढणे म्हणजे पानात घालणे आणि वाढणे म्हणजे संपणे. असे असताना मांडलेले आणि न वाढलेले पान रोज समोर ठेवून जेवायचे, म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक वाक्य अर्धवट सोडून देण्यासारखे होते.

आपल्याकडे घरात छापील चित्र लावण्याची प्रथा सुरू झाली तीही ह्या भयाला धरूनच. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या तैलरंगी छापाची लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत गेल्या त्या सजावट म्हणून नव्हे. त्यांच्यापुढे उदबत्ती लागली. ती चित्रे भिंत भरत, घर भरत. सावळाराम हळदणकरांचे निरांजन घेतलेल्या स्त्रीचे जलरंग चित्र घ्या, किंवा धुरंधरांची लग्नसमारंभांची आणि बाजारांची चित्रे घ्या. आपल्या वास्तववादी चित्रकारांनी घराचा आतला भाग रंगवला तेव्हा त्यात माणूस जवळजवळ हमखास आहे. निर्मनुष्य खोली ही रंगवण्याजोगी गोष्ट आहे हे आपल्याला अलीकडे कळले, आणि मला शंका अशी येते की खेड्यांतली घरे खरोखरच रिकामी होऊ लागल्यावर कळले. कोकणातल्या कुठल्याही वाडीत फिरून पाहावे. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी, एरवी कुलूप असलेली घरे किती आहेत ते दिसेल. तिथे माणसे कमी होत गेली तसतसे शहरात त्या घरांचे चित्र विकले जाऊ लागले. मात्र भिंतीवर जे येते ते कुलूप नव्हे, झोपाळा येतो. कुलपाचे चित्र मी अजून कुठल्या दिवाणखान्यात पाहिलेले नाही.

तरीही चित्र आम्ही काढले नाही. नवऱ्याने त्यांची खुर्ची बदलायची सूचना केली, ती त्यांनीच मोडून काढली. "राहू दे. सवय झाली." काही महिन्यांनी मी त्यांना अ‍ॅनाची हकीकत सांगितली. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. तिला मुले होती का? होती, असे मी सांगितले. आणि तिला काढून टाकले हे तिला कळले का? ह्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्या रात्री त्या जेवताना चित्राकडे जरा जास्त वेळ पाहत होत्या असे मला वाटले, तसे नसेलही.

२०२४ च्या जानेवारीत दीर आला आणि आम्ही सगळे चार दिवस गावी गेलो. घर उघडले, झाडले, देवांना पाणी घातले. आमच्या त्या घराचे माजघर काळोखी आहे. खिडकी एकच, तीही लहान. उजेड येतो तो छपरात बसवलेल्या एका काचेच्या कौलातून. त्याचा हातभर चौकोन सकाळी भिंतीवर असतो, दुपारी जमिनीवर उतरतो आणि सरकत सरकत फडताळाकडे जातो. सासूबाई चाळीस-पन्नास वर्षे त्या चौकोनावर घड्याळ लावत आल्या. दुधाची वेळ, भाताची वेळ, सगळे त्यावर. चित्रातल्या उन्हाची वेळ त्यांनी का विचारली होती, ते मला तिथे उभे राहिल्यावर उमगले.

दिराने चांगला कॅमेरा आणला होता. त्याच्या मनात होते की माजघराचा एक फोटो काढायचा, मोठा करून वेस्ट चेस्टरच्या घरात लावायचा. वायेथसारखा, असे तो म्हणाला. दुपारची साधारण एकची वेळ. चौकोन जमिनीवर आला होता आणि सासूबाई पिण्याच्या पाण्याचा तांब्या हातात घेऊन नेमक्या तिथून चालल्या होत्या. प्रकाश त्यांच्या पदरावर होता. त्याने तसाही एक फोटो काढला. मग म्हणाला, "आई, जरा बाजूला हो ना."

तो काही वाईट हेतूने म्हणाला नाही. फोटो काढणारा असे म्हणतोच. त्या लगेच बाजूला झाल्या, स्वयंपाकघराच्या दाराच्या आत गेल्या आणि तिथून पाहत राहिल्या. मी ओटीच्या बाजूला होते. मला दोन्ही दिसत होते : कॅमेऱ्याला दिसत होती ती खोली, आणि खोलीला लागून उभ्या असलेल्या त्या.

त्या संध्याकाळी फोटो कोणता लावायचा यावर बोलणे झाले. नवऱ्याचे मत आई आहे तो. दिराचे मत रिकामा. तो म्हणाला, आईचा फोटो लावला तर तो आईचा फोटो होईल. मला घर हवे आहे. वायेथची बाजू मांडताना मी जे म्हणत आले होते, जवळजवळ तेच तो म्हणत होता, आणि त्याने ते कुठे वाचलेले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "रिकामं घर भिंतीवर लावायचं नसतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तुला आवडलं तर लाव. तुझंही घर आहे ते."

दोन्ही फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. प्रामाणिकपणे सांगायचे तर रिकामा फोटो सरस आहे. पहिल्यात त्या चालत आहेत, चेहरा थोडा हलला आहे, पदरावरचा प्रकाश भगभगीत आला आहे. दुसऱ्यात जमिनीचे सारवण, खांबाची झिलई, फडताळाच्या दाराची एक सैल बिजागरी, सगळे आहे त्या जागी आहे. वर्गात दाखवायचा झाला तर मी दुसराच दाखवीन. घरी लावायचा झाला तर काय करीन, हा प्रश्न माझ्यावर आलेला नाही, कारण आमच्या भिंतीवर वायेथ आहे.

मार्चमध्ये दिराने व्हिडिओवर फोन करून भिंत दाखवली. फोटो उत्तम छापून आला होता, बारीक काळ्या चौकटीत, सोफ्याच्या वर. सून म्हणाली की येणारे सगळे विचारतात, हे कुठले, किती शांत आहे. सासूबाईंनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. उजेडाच्या चौकोनाच्या कडेला, अर्धा अंधारात, पितळेचा तांब्या होता. बाजूला होताना त्यांनीच तो खाली ठेवला असणार. आमच्यापैकी कोणाच्याही तो लक्षात आला नव्हता.

"माझा तांब्या वाटेतच राहिला बघ," त्या म्हणाल्या. "पाय लागेल कुणाचा तरी."